नवाहोंचे कागद: खात्याचे कोणते, माणसाचे कोणते?

नवाहो म्हणजे अमेरिकेच्या नैऋत्य भागातले मूळनिवासी. ‘नवाहो भाषा, संस्कृती आणि शिक्षण’ या विषयाची कागदपत्रं धुंडाळायला बसलं की दोन अगदी वेगळ्या गोष्टी ‘संग्रह’ या एकाच शब्दाखाली हाती येतात. एक म्हणजे सरकारी दप्तर. अमेरिकेच्या इंडियन अफेअर्स खात्याचा, म्हणजे मूळनिवासींचं काम पाहणाऱ्या खात्याचा कारभार चालताना जे कागद साठले ते राष्ट्रीय अभिलेखागारात ‘रेकॉर्ड ग्रुप ७५’ म्हणून आहेत. दुसरी गोष्ट म्हणजे एखाद्या मिशनऱ्याचे किंवा भाषाभ्यासकाचे खासगी कागद, जे बहुधा विद्यापीठाच्या ग्रंथालयात सापडतात. मिशनरी फादर बेरार्ड हेल यांचे कागद टूसॉनला अॅरिझोना विद्यापीठात आहेत, ते या दुसऱ्या प्रकारचे.

दप्तरात विषय शोधू नका, कचेरी शोधा. १९०७ ते १९३९ मधल्या मुख्य कचेरीच्या फाइलीवर चार भाग असतात: आवक क्रमांक, वर्ष, एजन्सीचं (म्हणजे खात्याच्या स्थानिक कचेरीचं) नाव आणि विषयाचा आकडा. ८०० च्या घरातले आकडे शिक्षणाचे, त्यात ८०६ म्हणजे शाळा. घोटाळा होतो तो तिसऱ्या भागात. १९३५ साली सगळा कारभार अॅरिझोनातल्या विंडो रॉकला एकवटला. त्याआधी नवाहो मुलूख अनेक एजन्सींत वाटलेला होता. म्हणून नुसतं ‘नवाहो’ मागितलं तर अर्धेअधिक कागद सुटतात. शिपरॉकच्या शाळेचे जुने कागद ‘सान हुआन’ या नावाखाली निघतात, हे ठाऊक नसेल तर ‘काहीच नाही’ असं समजून माणूस परततो.

या दप्तरात पटसंख्या, बांधकाम, पळून गेलेली मुलं, पगार असा मजकूर भरपूर. त्यामागे अमेरिकन सरकार आणि नवाहो यांच्यातला १८६८ चा तह आहे: ६ ते १६ वर्षांच्या मुलांना शाळेत धाडायचं, आणि दर ३० मुलांमागे सरकारनं एक शाळाघर व एक शिक्षक द्यायचा. शिक्षण मात्र इंग्रजीचं. त्यामुळे जुन्या फाइलींत नवाहो भाषा बहुतेक अडचण म्हणूनच डोकावते.

भाषा हवी असेल तर खासगी कागदांकडे वळावं. तिथं पत्ता साधा: संग्रह क्रमांक, पेटी, फोल्डर. डोकेदुखी लेखनपद्धतीची. पाण्याला नवाहोत ‘तो’ म्हणतात. सेंट मायकल्सच्या फ्रान्सिस्कन फादरांच्या १९१० च्या कोशात तो शब्द टी, क्यू, ओ असा लिहिलेला. आज टी आणि त्यापुढे उंच स्वराची तिरकी खूण डोक्यावर असलेला ओ. भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड सपीर यांच्या वळणाची तिसरी पद्धत आणखी निराळी. एकच स्पेलिंग धरून याद्या चाळल्या तर एकच पिढी हाती लागते. टंकलेखन यंत्रावर नासिक्य स्वराखालचं शेपूट आणि आडवी रेघ मारलेला एल नसे, म्हणून या खुणा हातानं घालाव्या लागत. कार्बन प्रतीवर त्या राहून गेल्या असतील तर अर्थच बदलतो. मूळ प्रत मागावी, हेच बरं.

दोन्ही ढीग एकमेकांत मिसळतात ते रॉबर्ट यंग आणि विल्यम मॉर्गन या नवाहो भाषेच्या अभ्यासकांपाशी. त्यांचं १९४३ चं व्याकरण-कोशाचं काम सरकारी खात्याच्या शिक्षण विभागानंच छापलं. अशा वेळी पुस्तक ग्रंथालयात, छपाईची मंजुरी दप्तरात आणि कच्चे खर्डे माणसाच्या पेटीत शोधायचे. १९६६ ला रफ रॉकची शाळा नवाहो पालकांच्या मंडळानं चालवायला घेतली. तिथं पैशांचा पत्रव्यवहार सरकारकडे मिळेल, मंडळाचे निर्णय शाळेकडेच विचारावे लागतील.

वापराचे नियमही सारखे नाहीत. सरकारी नोकरानं कामाचा भाग म्हणून लिहिलेल्यावर स्वामित्वहक्क नसतो. खासगी पत्रांवर लेखकाच्या वारसांचा असू शकतो, शिवाय देणगीदाराच्या अटी असतात. विधींची गाणी आणि वाळूचित्रं यांच्या नकला मागण्यापूर्वी अभिलेखपालाशी बोलावं. कायोटी या कोल्ह्यासारख्या प्राण्याच्या गोष्टी नवाहो लोक फक्त हिवाळ्यात सांगतात. त्यांचं टिपण जून महिन्यात टेबलावर मागवलं, तर ‘आत्ताच हवंय का?’ असं कुणी विचारलं तर नवल मानू नये.