जळक्या ऑईलने गंज थांबतो?

मृगाच्या आधी गाडीच्या बुडाला जळकं ऑईल मारलं की गंज धरत नाही, हा सल्ला मालवणपासून गुहागरपर्यंत जुनी गाडी घेणाऱ्याला फुकट मिळतो. ऑईलमुळे पाणी काही दिवस लांब राहतं, एवढंच त्यातलं खरं. पण वापरलेल्या इंजिन ऑईलमध्ये ज्वलनातून आलेली आम्लं आणि धातूचा कीस असतो. सस्पेन्शनचे, म्हणजे चाकांचे धक्के झेलणाऱ्या भागाचे, रबरी बुश त्याने फुगून मऊ पडतात. ब्रेकच्या डिस्कवर उडालं तर विचारूच नका. आणि ओघळून जातं ते परसातल्या विहिरीकडेच.

खरा चोर म्हणजे समुद्राच्या वाऱ्याने बुडाला बसणारं मीठ. हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढतं. त्यावरच ऑईल मारलं तर मीठ आत कोंडतं.

बूड गोड्या पाण्याने धुवा. मग दाराची खालची कड बोटाने चाचपा. तिथे पाणी निघायची बारीक भोकं असतात, बहुतेकदा चिखल आणि सुरूच्या काड्यांनी बुजलेली. तारेने हळूच मोकळी केली की गढूळ पाणी बाहेर येतं. दार आतून कुजतं ते यामुळे. गाडी पुरती वाळल्यावरच मेणाचं अँटी-रस्ट कोटिंग मारा.