बाभूळ (खानदेशातील)

बाभूळ : (शास्त्रीय नाव – व्हॅचेलिया नायलोटिका, जुने नाव – अकेशिया नायलोटिका, कुल – फॅबेसी). खाण्याजोगा डिंक देणारा काटेरी वृक्ष. आफ्रिकेपासून भारतापर्यंतच्या उष्ण, कोरड्या पट्ट्यात आढळतो. खानदेशात तापी, गिरणा, पांझरा, बोरी या नद्यांचे काठ, नाले आणि कापसाच्या काळ्या रानातले बांध ही त्याची हक्काची जागा.

पानांच्या तळाशी जोडीने येणारे पांढुरके, सरळ काटे म्हणजे बदललेली उपपर्णे. कोवळ्या झाडावर ते लांब व दाट असतात, जुन्यावर तुरळक. पावसाळ्यात पिवळ्या, सुवासिक गोंड्यांसारखी फुले येतात. शेंगा राखी रंगाच्या, दोन बियांच्या मध्ये आवळलेल्या असतात आणि उन्हाळ्यात पिकतात.

बियांचे कवच कठीण असल्याने नुसत्या पेरल्या तर त्या लवकर उगवत नाहीत. शेळ्यामेंढ्यांच्या पोटातून गेलेल्या बिया मात्र चांगल्या रुजतात. साक्री भागातले ठेलारी मेंढपाळ शेंगा झोडून कळपापुढे टाकतात आणि मेंढ्या बसवलेल्या शेतात पुढे रोपे दिसू लागतात. घरी बी लावायचे तर कढत पाणी ओतून ते रात्रभर भिजू द्यावे. सोटमूळ झपाट्याने खोल जाते, म्हणून रोप उपटून दुसरीकडे लावण्यापेक्षा बी जागेवरच टोकलेले बरे. ऊन भरपूर हवे. दुसऱ्या झाडाच्या सावलीत बाभूळ खुरटते. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात.

डिंक हा झाडाच्या जखमेवरचा पाझर. साल तडकली किंवा फांदी तोडली की तिथे चिकट रस येतो आणि वाऱ्याने घट्ट होतो. मार्च ते मे हा त्याचा भर. पारा चाळिशीपार गेलेल्या दिवसांत खोडावर मधासारखे पिवळे ते तांबूस काळपट खडे धरतात. तो पाण्यात विरघळतो, त्यामुळे पावसाआधीच काढावा लागतो. सालीचे तुकडे निवडून, फिका आणि गडद डिंक वेगळा करून ठेवतात. लाडवांसाठी तो मंद आचेवर तुपात तळतात. खडा आतपर्यंत फुलला पाहिजे. घाई केली तर गाभा कच्चा राहून दाताला चिकटतो. बाळंतिणीच्या आणि थंडीतल्या लाडवांत खारीक, खोबरे, गुळाबरोबर तो पडतो. बाजारातला ‘डिंक’ बहुधा एका झाडाचा नसतो. सातपुड्यातला धावड्याचा डिंकही लाडवांसाठी विकला जातो, पण धावड्याला काटे नसतात.

बैलगाडीची चाके, नांगर, वखर, तिफण यांसाठी हे चिवट लाकूड पिढ्यानपिढ्या वापरले गेले. लोखंडी अवजारे आल्यावर बांधावरच्या बाभळी सरपणाखेरीज निरुपयोगी ठरवून तोडल्या गेल्या, हे मोठे नुकसान आहे. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला लटकणारी सुगरणीची घरटीही त्यांच्यासोबत गेली. सावलीने दादर (खानदेशातली रब्बी ज्वारी) दबते ही शेतकऱ्याची तक्रार खरी आहे. अशा बांधावर रामकाठी हा प्रकार लावावा : त्याच्या फांद्या खोडालगत सरळ वर जातात आणि पिकावर सावली फार पडत नाही.