ईथरची बाटली आणि तिच्यावरचे नियम

डायएथिल ईथर, म्हणजे पूर्वी भुलीसाठी आणि आजही प्रयोगशाळेत वापरले जाणारे झटकन उडणारे द्रव; त्याच्या बाटलीवर सूचनांची भलीमोठी यादी असते. आगीपासून लांब ठेवा, उजेडात ठेवू नका, उघडल्याची तारीख लिहा, ऊर्ध्वपातन करताना (उकळून, वाफ गार करून शुद्ध करताना) पात्र कोरडे होऊ देऊ नका. प्रात्यक्षिकाच्या पहिल्या दिवशी हे सगळे मुकाट वहीत उतरवून घेतले जाते. पण या सूचना कोणी एका बैठकीत लिहिलेल्या नाहीत. ज्या गुणामुळे ईथर हवेहवेसे वाटले, तोच गुण पुढे अंगाशी आला आणि यादीत एक ओळ वाढली, असे गेली पावणेदोनशे वर्षे होत आले आहे.

ईथर तसे फार जुने. जर्मनीतल्या वालेरियस कोर्डसने 1540 च्या सुमारास मद्यार्क आणि सल्फ्युरिक ॲसिड एकत्र तापवून ते कसे मिळवायचे, याची कृती लिहून ठेवली. तो 1544 मध्ये ऐन तिशीच्या आत वारला आणि त्याचे लेखन नंतर कॉनराड गेसनरने 1561 मध्ये छापले. पुढची जवळपास तीन शतके ईथर औषधवाल्यांच्या फळीवरच राहिले. पोटदुखीला चार थेंब, उचकीला दोन. एवढ्याशा प्रमाणात त्याने कुणाचे घर जाळण्याचे कारण नव्हते.

पारडे फिरले ते 16 ऑक्टोबर 1846 रोजी. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने रुग्णाला ईथर हुंगवले आणि जॉन वॉरेन या शल्यविशारदाने त्याच्या मानेवरची गाठ काढली. जॉर्जियातल्या क्रॉफर्ड लाँगने हेच 1842 मध्ये केले होते, पण त्याने ते वेळेवर छापले नाही, म्हणून श्रेय मॉर्टनकडे गेले. बातमी जहाजाच्या वेगाने पसरली. 22 मार्च 1847 रोजी कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात ईथरची भूल दिली गेली. त्याच शहरात जेम्स एस्डेल संमोहनाच्या जोरावर मोठमोठ्या शस्त्रक्रिया करत होता आणि 1846 मध्ये त्यासाठी वेगळे रुग्णालयही निघाले होते. ईथर आले आणि तो प्रयोग मागे पडला.

भूल देण्यासाठी ईथर उपयोगी पडले, कारण त्याची वाफ झटकन होते. त्याचा उत्कलनबिंदू 34.6 अंश सेल्सियस, म्हणजे माणसाच्या अंगाच्या उष्णतेहूनही खाली. लंडनच्या थंडीत जॉन स्नोने ईथर हुंगवायचे जे उपकरण बनवले, त्यात पाण्याची टाकी होती, कारण वाफ होताना ईथर स्वतःच गार पडते आणि मग पुरेशी वाफ निघत नाही. विदर्भात अडचण उलटी. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर असताना उघड्या बाटलीतले ईथर चक्क उकळू लागते. उष्ण देशांत नोव्हेंबर 1847 नंतर क्लोरोफॉर्म लवकर रुळला, त्यामागे हेही एक कारण होते. शिवाय क्लोरोफॉर्म सहज पेट घेत नाही, त्यामुळे दिव्याच्या उजेडात वापरता येई. त्याची किंमत हृदयाने मोजली. जानेवारी 1848 मध्येच इंग्लंडमध्ये पंधरा वर्षांची एक मुलगी क्लोरोफॉर्मखाली दगावली. जळणारे औषध की हृदय थांबवणारे, अशी ही निवड होती आणि डॉक्टर कित्येक दशके त्यावर भांडत राहिले. क्लोरोफॉर्म निर्दोष आहे हे दाखवण्यासाठी हैदराबादेत 1888 आणि 1889 मध्ये दोन आयोग बसले.

शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेरही ईथरने संसार थाटला. फ्रेडरिक स्कॉट आर्चरने 1851 मध्ये फोटोग्राफीची कोलोडियन पद्धत जाहीर केली. त्यात नायट्रोसेल्युलोज ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवून काचेवर ओतत. ईथर उडून जाते आणि मागे पातळ थर राहतो. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी 1854 ची, म्हणजे या पद्धतीच्या ऐन भरातली. बंद, अंधाऱ्या तंबूत, दिव्याशेजारी ईथर ओतणाऱ्या त्या छायाचित्रकारांच्या धाडसाला दाद द्यावी की त्यांना कानफटवावे, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

या वाफेबद्दल एक गोष्ट नीट समजून घेतली की बाकीचे नियम आपोआप कळतात. ईथरच्या रेणूचे वजन 74, हवेचे सरासरी 29. म्हणजे वाफ हवेच्या अडीच पटीहून जड. ती वर उडून खिडकीतून जात नाही. टेबलाच्या कडेवरून ओघळते, जमिनीलगत पसरते, मोरीत शिरते. हवेत दोन टक्क्यांच्या आसपास मिसळली की पेटू शकते आणि छत्तीस टक्क्यांपर्यंत पेटण्यालायक राहते. खोलीच्या पलीकडच्या टोकाला कुणी बर्नर पेटवला तर आग वाफेच्या वाटेने बाटलीपर्यंत परत येते. म्हणून ‘जवळ आग नको’ एवढे पुरत नाही, त्या खोलीतच आग नको. ज्योत नसली तरी निश्चिंत राहता येत नाही. ईथर साधारण 160 ते 180 अंशांवर ठिणगीशिवाय पेटते आणि हॉट प्लेटचा पृष्ठभाग त्याहून कितीतरी तापतो. त्यामुळेच ईथर तापवायचे ते गरम पाण्याच्या बाथवर, आणि पाणी दुसरीकडे तापवून आणायचे.

हाच हिशोब विसाव्या शतकातल्या शस्त्रक्रियागृहाला फार महागात पडला. 1926 मध्ये अमेरिकन मेंदूशल्यविशारद हार्वे कुशिंगने विल्यम बॉवीने तयार केलेले विजेवर चालणारे कापण्याचे यंत्र वापरायला सुरुवात केली. आता रुग्णाच्या तोंडाशी ईथर, त्यात मिसळलेला ऑक्सिजन आणि हातभर अंतरावर ठिणगी. ऑक्सिजन असला की नुसती आग लागत नाही, स्फोट होतो. मग स्थिर विजेची ठिणगीही पडू नये म्हणून जमिनी विद्युतवाहक केल्या, ट्रॉल्यांच्या चाकांना साखळ्या लावल्या, भुलीच्या नळ्या वाहक काळ्या रबराच्या केल्या, नायलॉन आणि लोकरीला बंदी घातली, हवेत दमटपणा राखला. विजेची बटणे जमिनीपासून पाच फुटांच्या वर गेली, कारण वाफ खाली बसते. भिंतीवरची ती उंच बटणे जुन्या रुग्णालयांत पाहून वास्तुरचनेची लहर वाटते. शेवटी तोडगा निघाला तो रसायनशास्त्रातून. आयसीआय या ब्रिटिश रसायन कंपनीत चार्ल्स सकलिंगने 1951 मध्ये बनवलेले हॅलोथेन हे भुलीचे औषध 1956 पासून वापरात आले. ते पेटत नाही. श्रीमंत देशांतून ईथर हळूहळू हटले. आपल्याकडे लहान रुग्णालयांत ते बरीच वर्षे टिकले, कारण स्वस्त होते आणि श्वास व रक्तदाब सांभाळून घेत असे.

प्रयोगशाळेत मात्र ते गेले नाही. फ्रांझ फॉन सॉक्सलेटने 1879 मध्ये चरबी मोजण्यासाठी उपकरण केले, त्यात ईथर तासन्‌तास फिरते. व्हिक्टर ग्रिन्यारने 1900 मध्ये मॅग्नेशियमची जी अभिक्रिया शोधली, तिला कोरडे ईथर लागते. 1912 चे नोबेल त्याला त्याबद्दल मिळाले. आणि इथे दुसराच शत्रू भेटला. ईथर हवेतला ऑक्सिजन शोषून घेते आणि पेरोक्साइड हा स्फोटक पदार्थ तयार करते. उजेडात हे जास्त वेगाने होते. पेरोक्साइड ईथरइतके उडत नाही, म्हणून ऊर्ध्वपातन करत गेले की ते तळाशी साठत जाते. पात्र कोरडे होत आले, की शेवटच्या काही मिलिलिटरमध्ये सगळा साठा गोळा झालेला असतो आणि स्फोटाला थोडी उष्णता पुरते. ‘कोरडे होऊ देऊ नका’ ही सूचना याच अनुभवातून आली.

तपासणी मात्र अगदी सोपी आहे. परीक्षानळीत थोडे ईथर, त्यात आम्लयुक्त पोटॅशियम आयोडाइड घाला. पिवळा रंग आला तर पेरोक्साइड आहे, तपकिरी आला तर बरेच आहे. ऊर्ध्वपातनाआधी ही तपासणी न करणे म्हणजे शुद्ध आळस. निर्माते पेरोक्साइड होऊ नये म्हणून बीएचटीसारखे स्थिरीकारक घालतात, पण ऊर्ध्वपातनात ते मागे राहते आणि शुद्ध केलेले ईथर अधिक असुरक्षित होते. बाटलीच्या झाकणाभोवती स्फटिक दिसले तर ती उघडायची नाही, हलवायचीही नाही. खोली रिकामी करून सुरक्षा अधिकाऱ्याला बोलवायचे.

फ्रिजमध्ये ठेवले की सुटलो, असे अनेकांना वाटते. ईथरचा ज्वलनबिंदू, म्हणजे ज्या तापमानापासून वर त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो, उणे 45 अंश सेल्सियस आहे, त्यामुळे फ्रीझरच्या थंडीतही त्याची वाफ पेटण्याइतकी असते. घरगुती फ्रिजचा थर्मोस्टॅट आत ठिणगी पाडतो. त्यासाठी आतून ठिणगी न पडणारा खास फ्रिज लागतो. पेरोक्साइड तिथेही होत राहतेच. आग लागली तर पाण्याचा फवारा उपयोगी नाही, कारण ईथर पाण्यावर तरंगते आणि आग पसरते. कार्बन डायऑक्साइड किंवा कोरडी पावडर लागते.

अलीकडे बऱ्याच प्रयोगशाळांनी ईथरऐवजी एमटीबीई (मिथाइल टर्ट-ब्यूटाइल ईथर) किंवा 2-मिथाइलटेट्राहायड्रोफ्युरान वापरायला घेतले आहे. एमटीबीईत पेरोक्साइड सहसा होत नाही, मात्र त्याचीही वाफ जड आणि ज्वलनशील आहे. 2-मिथाइलटेट्राहायड्रोफ्युरान ग्रिन्यारच्या अभिक्रियेला चालते, पण पेरोक्साइडची तपासणी तिथेही करावीच लागते.