फॅक्टरी ओव्हरक्लॉक ग्राफिक्स कार्ड : उत्पादकांनुसार तुलना

चिप बनवणाऱ्या कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेग कारखान्यातच बसवून विकलेले ग्राफिक्स कार्ड म्हणजे फॅक्टरी ओव्हरक्लॉक कार्ड. बाजारात त्याला ‘ओसी एडिशन’ किंवा नुसते ‘ओसी’ म्हणतात. ग्राहकाने घरी सॉफ्टवेअर वापरून वेग वाढवला, तर त्याची जबाबदारी त्याच्यावर असते. इथे वाढीव वेग कार्डाच्या बायोसमध्येच, म्हणजे कार्डातच साठवलेल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, लिहिलेला असतो आणि वॉरंटी त्यासकट मिळते. एकाच चिपची अशी कार्डे आसुस, एमएसआय, गिगाबाइट, झोटॅक, गॅलॅक्स, इनो३डी अशा अनेक कंपन्या विकतात. त्यामुळे कोणाचे घ्यावे हा प्रश्न प्रत्येक खरेदीत येतोच. नाशिकच्या हवेत आणि नाशिकच्या बाजारात त्याचे उत्तर खोक्यावरच्या आकड्यांपेक्षा बरेच वेगळे निघते.

चिप एकाची, कार्ड दुसऱ्याचे

एनव्हिडिया आणि एएमडी या कंपन्या चिप रचतात. ती छापून घेतली जाते टीएसएमसी किंवा सॅमसंगच्या कारखान्यात. एनव्हिडियाची आरटीएक्स ३० मालिका सॅमसंगने बनवली, ४० मालिका टीएसएमसीने. तयार चिप विकत घेऊन तिच्याभोवती सर्किट बोर्ड, वीजपुरवठ्याचा भाग, हीटसिंक (उष्णता काढून घेणारा धातूच्या पत्र्यांचा भाग) आणि पंखे बसवण्याचे काम भागीदार कंपन्या करतात. सफायर आणि पॉवरकलर फक्त एएमडीच्या चिप वापरतात. झोटॅक, गॅलॅक्स, इनो३डी एनव्हिडियाच्या. आसुस, गिगाबाइटसारख्या मोठ्या कंपन्या दोन्हींच्या. म्हणजे दोन कंपन्यांच्या आरटीएक्स ४०६० मध्ये चिप तीच, मेमरीची क्षमता तीच, ड्रायव्हरही तोच. फरक पडतो तो चिपभोवतीच्या बांधणीत, आणि तुलना त्या बांधणीचीच व्हायला हवी.

एकाच मापाच्या सगळ्या चिप सारख्या उतरत नाहीत. काही कमी व्होल्टेजवर जास्त वेग घेतात, काही घेत नाहीत. निवडून बाजूला काढलेल्या चिप महागड्या मालिकांना देण्याची प्रथा जुनी आहे. २०१८ च्या ट्युरिंग पिढीत तर एनव्हिडियाने हा भेद उघडच केला होता. एकाच चिपचे दोन दर्जे ठेवले आणि खालच्या दर्जाच्या चिपवर फॅक्टरी ओव्हरक्लॉक करायला भागीदारांना मनाई केली. पुढच्याच वर्षी ही विभागणी बंद झाली.

आकड्यांची तुलना

उदाहरणासाठी आरटीएक्स ४०६० घेऊ, कारण मध्यम बजेटच्या पीसीत हे कार्ड भरपूर बसले आहे. एनव्हिडियाने दिलेला बूस्ट वेग (काम चालू असताना चिप गाठेल असा छापील वेग) २४६० मेगाहर्ट्झ. गिगाबाइटच्या विंडफोर्स ओसीवर आणि झोटॅकच्या ट्विन एज ओसीवर तो २४७५ आहे, आसुसच्या ड्युअल ओसीवर ओसी मोडमध्ये (कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून चालू करायचा जास्त वेग) २५३५, गिगाबाइटच्या गेमिंग ओसीवर २५५०, एमएसआयच्या गेमिंग एक्सवर २५९५. सर्वांत मोठी वाढ १३५ मेगाहर्ट्झची, म्हणजे साडेपाच टक्क्यांची. सर्वांत लहान १५ मेगाहर्ट्झची, म्हणजे एक टक्काही नाही; तरीही खोक्यावर ‘ओसी’ दोन्हीकडे छापलेले असते.

साडेपाच टक्के पूर्णपणे पडद्यावर उतरले, तरी सेकंदाला ६० फ्रेम (चित्रे) देणारा गेम ६३ च्या आसपास जाईल. प्रत्यक्षात तेवढेही उतरत नाहीत. मेमरीचा वेग या कार्डांवर सहसा तसाच ठेवलेला असतो आणि मेमरीपासून चिपपर्यंतची १२८ बिटची वाट सगळ्यांना सारखीच. चिप थोडी पुढे धावली तरी माल येतो जुन्याच गतीने.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. छापील बूस्ट वेग हा कार्डाचा खरा वेग नव्हेच. २०१२ साली जीटीएक्स ६८० सोबत एनव्हिडियाने जीपीयू बूस्ट आणले. तेव्हापासून तापमान आणि वॉटेजला वाव असेल तोवर चिप आपणहून छापील आकड्याच्या वर जाते. ४०६० ची साधी कार्डेही चांगल्या हवेत २७०० मेगाहर्ट्झच्या आसपास चालताना दिसतात. ‘ओसी’ आणि ‘ओसी नसलेले’ यांच्यातले कागदावरचे अंतर गेम सुरू झाल्यावर बहुतेक मिटते. उरलेले अंतर ठरते कूलरवर आणि कार्डाला किती वॅट ओढू दिले आहेत त्यावर.

एएमडीच्या कार्डांशी तुलना करताना आणखी एक खबरदारी हवी. एएमडी दोन वेग छापते, गेम क्लॉक आणि बूस्ट क्लॉक. आरएक्स ७६०० चा गेम क्लॉक २२५० मेगाहर्ट्झ आहे आणि बूस्ट २६५५. यातला बूस्ट म्हणजे कार्ड गाठू शकेल अशी वरची मजल. गेममध्ये सर्वसाधारणपणे मिळणारा वेग गेम क्लॉकच्या जवळचा धरायचा. एनव्हिडियाचा बूस्ट आणि एएमडीचा बूस्ट शेजारी ठेवून ‘याचा जास्त’ म्हणण्यात अर्थ नाही. फेसबुक मार्केटप्लेसवरच्या जाहिरातींत मात्र ही गल्लत सर्रास दिसते.

जास्तीच्या वेगाची किंमत

चिपने खाल्लेली वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. पाच टक्के वेगासाठी व्होल्टेजही पाच टक्के वाढवावे लागले, तर वीज सुमारे सोळा टक्के जास्त लागते. ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच येते. म्हणून वाढीव वेगाच्या कार्डावर मोठा हीटसिंक आणि तिसरा पंखा लागतो, आणि ग्राहक जास्तीचे पैसे मोजतो ते बहुतांशी त्याचेच. माझ्या मते ते वाया जात नाहीत, फक्त ते कशासाठी मोजले हे माहीत हवे. चांगला कूलर असलेले कार्ड कमी आवाज करते, थंड राहते आणि टिकते.

घाईने वेग वाढवल्यावर काय होते याची दोन उदाहरणे नोंदवण्यासारखी आहेत. जानेवारी २०२० मध्ये आरएक्स ५६०० एक्सटी बाजारात येण्याच्या तोंडावर एएमडीने नवा बायोस देऊन वेग वाढवला. मेमरीही १२ वरून १४ गिगाबिटवर नेली. कारखान्यातून निघालेल्या कार्डांवरची मेमरी १२ वर तपासलेली होती. त्यामुळे सगळ्या कार्डांना १४ ची हमी देता येणार नाही, असे एमएसआयने जाहीरपणे सांगितले. काही दिवस एकाच नावाची दोन वेगांची कार्डे एकाच वेळी विक्रीला होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आरटीएक्स ३०८० आले. वेग २००० मेगाहर्ट्झच्या पुढे गेला की गेम बंद पडून डेस्कटॉप दिसण्याच्या तक्रारी सुरू झाल्या. संशयाची सुई चिपच्या मागच्या बाजूच्या, वीजपुरवठा स्थिर ठेवणाऱ्या कपॅसिटरांकडे गेली. ईव्हीजीए या भागीदार कंपनीने सांगितले की सहाच्या सहा मोठे कपॅसिटर लावलेली रचना आपल्या चाचणीत टिकली नाही, म्हणून ती बदलून मगच कार्डे पाठवली. पुढे एनव्हिडियाच्या ४५६.५५ या ड्रायव्हरने बहुतेकांचा त्रास थांबला. छापील बूस्ट वेग होता १७१० मेगाहर्ट्झ. अडचण त्याच्याही बरीच वर होती.

तुलनेच्या चाचण्या वाचतानाही सावध राहावे लागते. परीक्षणासाठी पाठवलेल्या कार्डांवर ओसी मोड आधीच चालू आणि दुकानातल्या कार्डांवर तो बंद, असा प्रकार आसुस आणि एमएसआयच्या बाबतीत २०१६ मध्ये उघड झाला होता. फरक एक-दोन टक्क्यांचाच होता. पण तुलनेतला क्रम लागतो तोही एक-दोन टक्क्यांवरच.

नाशिकची हवा

परीक्षणे बहुधा वातानुकूलित खोलीत, वीस-बावीस अंशांवर होतात. नाशिकमध्ये डिसेंबर-जानेवारीत तशी खोली फुकट मिळते. शेजारच्या निफाडला तर पारा पाच अंशांच्या खाली जातो. एप्रिल-मे मध्ये मात्र पारा चाळिशीला टेकतो, आणि स्लॅबखालच्या खोलीत रात्री दहालाही पस्तीस-छत्तीस अंश असतात.

कार्डाचे तापमान खोलीच्या तापमानाबरोबर जवळजवळ अंशाला अंश या हिशेबाने वर सरकते. थंडीत अठरा अंशांच्या खोलीत साठ अंशांवर चालणारे कार्ड म्हणजे खोलीपेक्षा बेचाळीस अंश जास्त. तेच कार्ड, तोच गेम, छत्तीस अंशांची खोली, की अठ्ठ्याहत्तर. एनव्हिडियाच्या अनेक कार्डांवर तापमानाचे उद्दिष्ट ८३ अंशांच्या आसपास ठेवलेले असते. तिथवर पोहोचण्याआधीच चिप १५-१५ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी वेग सोडू लागते. थंडीत पंचावन्नवर राहणारे मोठ्या हीटसिंकचे कार्ड आणि पासष्टवर जाणारे छोटे कार्ड, दोघेही जानेवारीत सारखेच धावतात. मे मध्ये पहिले त्र्याहत्तरवर असते. दुसरे मर्यादेला भिडते, पंखे किंचाळायला लागतात आणि खोक्यावरचे जास्तीचे मेगाहर्ट्झ तिथेच संपतात. म्हणून तुलना करताना नुसते तापमान न लिहिता ‘खोलीपेक्षा किती जास्त’ हे लिहावे. जानेवारीत मोजलेले एक कार्ड आणि मे मध्ये मोजलेले दुसरे कार्ड यांची सांगड तरच घालता येते.

धुळीचा मुद्दा परीक्षणांत येतच नाही. उन्हाळ्यात घरोघर डेझर्ट कूलर चालतो. त्याचा झोत कॅबिनेटवर घेतला की ओलसर हवेबरोबर धूळ हीटसिंकच्या पत्र्यांमध्ये बसते आणि तिचा थर घट्ट होतो. मग ती नुसत्या ब्लोअरने निघत नाही. कॅबिनेट उघडले जाते दिवाळीच्या साफसफाईत. खरे तर ते गुढीपाडव्याच्या सुमारास, ऊन चढण्याआधी उघडायला हवे. दाट पत्र्यांच्या हीटसिंकपेक्षा थोड्या मोकळ्या पत्र्यांचा हीटसिंक इथे जास्त काळ नीट चालतो, हाही निवडीचा एक निकष धरावा.

खरेदी

नाशिकमध्ये असेंबल पीसी करून देणारी दुकाने एम. जी. रोड परिसरात आणि उपनगरांतही आहेत. ग्राहक फक्त गेम खेळणारे नसतात. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे, आर्किटेक्ट, अंबड-सातपूरच्या कारखान्यांसाठी ड्रॉइंग करणारे, अभियांत्रिकीचे विद्यार्थी, असे सगळेच असतात. तासन्‌तास रेंडर लावणाऱ्याला दोन फ्रेमच्या वाढीचे काहीच नसते. त्याला रात्रभर न बंद पडणारे आणि शेजारच्या खोलीत झोपणाऱ्यांना ऐकू न येणारे कार्ड हवे असते. अशा कामासाठी ‘सायलेंट’ बायोसचा खटका असलेले कार्ड शोधावे. बऱ्याच महागड्या मालिकांवर तो असतो आणि बहुतेक जण त्याला कधी हातही लावत नाहीत.

आवडीचे मॉडेल इथे नसेल, तर पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी मुंबईला जाऊन लॅमिंग्टन रोडवरून कार्ड घेऊन रात्री परत, हा जुना रिवाज आहे. त्यात एक काळजी घ्यावी. तीन पंख्यांची बरीच कार्डे एक किलोपेक्षा जड असतात. पूर्ण पीसी तिथे जोडून घेऊन रस्त्याने आणला, तर कसारा घाटाच्या वळणांवर आणि रस्त्यातल्या खड्ड्यांवर सगळे वजन मदरबोर्डच्या स्लॉटवर येते. कार्ड काढून त्याच्या खोक्यात वेगळे आणावे आणि घरी आल्यावर बसवावे.

पैशाचा हिशेब सोपा आहे. ४०६० मध्ये ३०७२ कुडा कोअर (चिपमधले हिशेब करणारे घटक) आहेत, ४०६० टीआय मध्ये ४३५२, म्हणजे चाळीस टक्क्यांहून जास्त. ४०६० चे सर्वांत महाग ओसी मॉडेल टीआयच्या साध्या मॉडेलच्या किमतीजवळ जात असेल, तर टीआयच घ्यावे. १३५ मेगाहर्ट्झनी हे अंतर कधीच भरून निघत नाही. किमती सारख्याच असतील, तर जास्त जाड हीटसिंकचे कार्ड घ्यावे, मग त्यावर ओसी छापलेले असो वा नसो. कार्डावर १८ टक्के जीएसटी आहे. बिलाशिवाय स्वस्तात देतो म्हणणाऱ्याकडून घेऊ नये, कारण पुढे वॉरंटीच्या वेळी सिरियल नंबरबरोबर बिलही लागते. वॉरंटी साधारण तीन वर्षांची असते. काही कंपन्या ऑनलाइन नोंदणी केल्यावर ती वाढवून देतात. नादुरुस्त कार्ड नाशिकमध्येच जमा होते की मुंबई-पुण्याला पाठवावे लागते, हे पैसे देण्याआधी दुकानदाराला विचारून घ्यावे. माझ्या दृष्टीने हा प्रश्न मेगाहर्ट्झच्या आधीचा आहे.

जुनी कार्डे

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे ग्राफिक्स कार्डांवरचे मायनिंग (हिशेब करून चलन मिळवणे) संपले आणि त्या कामात राबलेली कार्डे जुन्या बाजारात आली. त्यांच्यावरच्या ‘ओसी’ शब्दाला फारसा अर्थ उरत नाही, कारण अशा काही कार्डांचे बायोस बदललेले असतात. कार्डाची माहिती दाखवणारे जीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर उघडून त्यात दिसणारा बूस्ट वेग त्या मॉडेलच्या कंपनीच्या पानावरच्या आकड्याशी ताडून पाहावा. त्यानंतर अर्धा तास गेम किंवा ३डीमार्क ही चाचणी चालवून चिपचे तापमान आणि हॉटस्पॉटचे (चिपमधल्या सर्वांत गरम जागेचे) तापमान दोन्ही बघावे. दोन्हींत दहा-पंधरा अंशांचे अंतर नेहमीचे. पंचवीस-तीस दिसले, तर चिप आणि हीटसिंक यांच्यामधली पेस्ट सुकली आहे किंवा हीटसिंक नीट टेकलेला नाही. पेस्ट आणि पॅड बदलून घेता येतात. पण स्क्रूवरचे स्टिकर फाटलेले असेल तर कार्ड आधीच उघडले गेले आहे असे समजून किंमत त्या मानाने ठरवावी. पंखे हाताने हलकेच फिरवून पाहावेत. खरखर लागली तर नवे पंखे त्या मॉडेलसाठी मिळतात का, हे आधी शोधावे. फार न खपलेल्या मॉडेलचे पंखे मिळवणे अवघड जाते, आणि जुन्यात आसुस, एमएसआय, गिगाबाइटच्या जास्त खपलेल्या मालिका घेण्याचे तेच खरे कारण आहे.