भास झाला की भ्रम झाला?

‘भास झाला’ आणि ‘भ्रम झाला’ हे आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. मला मात्र या दोन शब्दांतलं अंतर जपावंसं वाटतं.

एकदा तिन्हीसांजेला गोठ्यात शिरताना पायाशी काहीतरी वेटोळं दिसलं. साप! मी दचकून मागे उडी मारली. बॅटरी मारून पाहिलं तर गाईचं दावं. मग कितीही डोळे बारीक केले तरी साप काही दिसेना. सुंभाचा पीळ आणि टोकाची गाठच दिसत राहिली. हा भ्रम. साप मी नुसता पाहिला नव्हता, खरा मानला होता, म्हणून तर उडी मारली. खरं कळलं आणि तो गेला.

आता कोजागिरीचा चंद्र घ्या. घरांमागून उगवताना परातीएवढा, मध्यरात्री डोक्यावर आला की वाटीएवढा. हात लांब करून करंगळीचं टोक त्याच्यावर धरा: दोन्ही वेळा तो पुरता झाकला जातो, कारण आकाशात त्याची रुंदी दोन्ही वेळा साधारण अर्धा अंशच असते. पण हे कळलं म्हणून पुढच्या पौर्णिमेला तो लहान उगवत नाही. पुन्हा परातच. हा भास.

अद्वैत वेदान्तात या फरकाला नावं आहेत. दोरीवरचा साप हा निरुपाधिक भ्रम, म्हणजे शेजारच्या कुठल्या वस्तूमुळे (उपाधीमुळे) न झालेला. स्फटिकाशेजारी जास्वंद ठेवली की तो लाल दिसतो, हा सोपाधिक, म्हणजे अशा उपाधीमुळे झालेला. स्फटिकाला रंग नाही हे पक्कं ठाऊक असूनही फूल उचलेपर्यंत लाली हटत नाही. तिथे दोन्हींना भ्रमच म्हटलंय. दुसऱ्याला मी भास म्हणते, कारण त्यात मन फसलेलं नसतं. डोळा दाखवतो, होकार मन देतं, आणि इथे मनाने तो दिलेलाच नाही.

हा शब्दांचा कीस नाही. पाय कापावा लागलेल्या कित्येकांना नसलेल्या बोटांत कळा येतात, खाज सुटते. पाय नाही हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी घरचे समजावत बसतात, ‘अरे, भ्रम आहे तुझा, पाय आहे कुठे तिथे?’ त्याने काहीच चुकीचं मानलेलं नाही, मग त्याला काय पटवून देणार? त्यापेक्षा ‘कुठल्या बोटात दुखतंय?’ असं विचारा, आणि तो सांगेल ते जसंच्या तसं डॉक्टरांच्या कानावर घाला. ती कळ खरी आहे.