एल्विश नाव

ऑक्सफर्डचे भाषाभ्यासक प्राध्यापक जे. आर. आर. टॉल्किन (१८९२–१९७३) यांनी आपल्या कथाविश्वातील एल्फ लोकांसाठी रचलेल्या भाषांमधून निवडलेले किंवा घडवलेले विशेषनाव. चाहते ते टोपणनाव म्हणून किंवा खेळातल्या पात्रासाठी घेतात. काही पालक मुलांनाही ठेवतात. नाव घडवण्याइतकी सामग्री प्रामुख्याने दोनच भाषांत मिळते: फिनिशच्या नादावर बेतलेली क्वेन्या आणि वेल्शच्या वळणाची सिंदारिन.

टॉल्किन यांच्या एल्फांना एकाच नावावर भागत नाही. वडील एक नाव देतात, आई पुढे दुसरे देते (त्यात बरेचदा मुलाच्या भविष्याची चाहूल असते) आणि मोठेपणी लोक आणखी एखादे बहाल करतात. गॅलाड्रिएल या एल्फ स्त्रीचे पित्याने ठेवलेले नाव आर्तानिस, तर आईने दिलेले नेर्वेन. प्रसिद्ध नाव प्रियकर केलेबॉर्नने दिलेल्या नावाचे सिंदारिन रूप आहे. त्यातला ‘गॅलाड’ म्हणजे तेज. ‘गॅलाध’ म्हणजे मात्र झाड, आणि कथेतल्या लोकांनीही या दोहोंत गल्लत केलेली आहे.

आपले नाव एल्विशमध्ये न्यायचे तर अर्थ धरावा, उच्चार नव्हे. टॉल्किन यांनी स्वतः तेच केले. त्यांच्या कथेतल्या सॅमवाइज या पात्राचे नाव जुन्या इंग्रजीत ‘अर्धशहाणा’ या अर्थाचे. म्हणून सिंदारिनमध्ये तो ‘पेर्हाएल’ होतो. एका पत्रात कथेतला राजा अरागॉर्न सुचवतो की त्याला ‘पान्थाएल’, म्हणजे पूर्ण शहाणा, म्हणायला हवे. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधील जयघोषात हाच पेर्हाएल ‘आणि’ या शब्दानंतर ‘बेर्हाएल’ होतो, कारण सिंदारिनमध्ये शब्दाचे पहिले व्यंजन मागच्या शब्दामुळे मृदू होऊ शकते. नुसता शब्दकोश चाळून दोन शब्द जोडणाऱ्यांचे नाव नेमके इथे फसते.

क्वेन्याचे नियम वेगळे आहेत. तिथे ब, द, ग एकटे येत नाहीत, त्यामुळे गौरी किंवा दीपक हे उच्चार तसेच्या तसे बसणार नाहीत. ‘तारा’ बसते, पण क्वेन्यात त्याचा अर्थ उत्तुंग. आकाशातल्या ताऱ्याला ‘एलेन’ म्हणतात.

टॉल्किन आयुष्यभर या भाषा बदलत राहिले आणि त्यांचे बरेच टिपण मृत्यूनंतर छापले गेले. साहजिकच एकाच शब्दाची दोन-तीन रूपे सापडतात. आज रोजच्या वापरातले कितीतरी शब्द चाहत्यांनी जुन्या धातूंवरून बेतलेले आहेत. नाव घेताना ते टॉल्किन यांचे आहेत की नंतरचे, हे पाहिलेले बरे. अक्षरांची अदलाबदल करून क्षणात नाव देणारी संगणकीय यंत्रे मजेपुरतीच ठीक.

एल्विश म्हणून सांगितली जाणारी सगळीच नावे एल्विश नसतात. टॉल्किन यांच्याच कथेतल्या एओविन या मानवी स्त्रीचे नाव जुन्या इंग्रजीतून आले आहे, तर जादूगार गँडाल्फचे नाव जुन्या नॉर्स काव्यातल्या बुटक्यांच्या यादीतले. एल्फ त्याला मिथ्रान्दिर, म्हणजे ‘करडा यात्रेकरू’, म्हणतात.