भूमिकाभिनय व कृतिप्रकल्प : वसाहतकालीन इतिहासाचे अध्यापन (बेळगाव सीमाभाग)

इंग्रजी अमलाचा इतिहास विद्यार्थ्यांना पात्रे वाटून, त्यांच्यात संवाद घडवून आणि हातांनी नकाशे, वस्तू वा नकली दस्तऐवज तयार करवून शिकवण्याची रीत. बेळगाव (अधिकृत नाव २०१४ पासून बेळगावी), खानापूर, निपाणी व चिकोडी या भागांतील मराठी माध्यमाच्या शाळांच्या संदर्भात तिचा विचार येथे केला आहे. अध्यापनशास्त्राच्या मराठी पुस्तकांत तिला ‘भूमिकाभिनय’, ‘भूमिकापालन’ किंवा ‘नाट्यीकरण पद्धती’ म्हणतात, कन्नडमध्ये ‘पात्राभिनय’. शाळेत मात्र ‘नाटक बसवणे’ एवढेच म्हटले जाते आणि त्यामुळे स्नेहसंमेलनातले नाटक व वर्गातला भूमिकाभिनय यांची सरमिसळ होते.

पद्धतीचा उगम कोठे धरावा याविषयी एकवाक्यता नाही. अध्यापक-प्रशिक्षणाचा कल पाश्चात्त्य परंपरेकडे दिसतो. हेन्री कॉल्डवेल कुक यांनी पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे केंब्रिजच्या पर्स स्कूलमध्ये नाटकातून शिकवण्याचा प्रयोग केला. जेकब मोरेनो यांच्या मनोनाट्यातून (अभिनयाद्वारे मानसोपचार) भूमिका घेण्याचे तंत्र पुढे आले, तर शिक्षकाने स्वतःच पात्र होऊन वर्गात उतरण्याची रीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डोरोथी हीथकोट यांनी रूढ केली. भारतात गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला सुरू केलेल्या बालमंदिरात गोष्टीला व नाट्याला मोठे स्थान होते. तो धागा ताराबाई मोडक यांच्या कामातून मराठीत आला.

दुसरा पक्ष स्थानिक प्रयोगपरंपरेचा. कर्नाटकातील कर्की येथील भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले आणि त्यांवरून विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये आपला पहिला प्रयोग उभा केला, हे सर्वमान्य आहे. म्हणजे मराठी रंगभूमीच्या जन्मकथेतच कानडी मुलखाचा वाटा आहे. संगीत नाटकाचे प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्मही (१८४३) बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. टिळकांच्या काळातील गणेशोत्सवी मेळ्यांत मुले वेष करून पदे व सवाल-जबाब म्हणत. त्यांतील राजकीय आशयामुळे सरकारने त्यांवर निर्बंध घातले. जिल्ह्याच्या कन्नडभाषक भागात पारिजात व सण्णाट हे लोकनाट्याचे खेळ, तर बेळगाव शहरात वैशाख शुद्ध द्वितीयेच्या शिवजयंतीला निघणारे चित्ररथ व त्यांवरील सजीव देखावे आजही चालू आहेत.

वेष, पद आणि संवाद मुलांना या देखाव्यांतूनच अवगत असतात, त्यामुळे दुसरा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. तथापि एक गोष्ट देखाव्यात नसते. त्याचा शेवट ठरलेला असतो, अफझलखान पडतोच. वर्गातील भूमिकाभिनयाचा उपयोग मात्र पात्राला पुढचे ठाऊक नसताना निर्णय घ्यायला लावण्यात आहे. ही शिस्त प्रशिक्षणातून आली असावी. कृतिप्रकल्पांचेही तसेच. दिवाळीत सीमाभागातील गल्लोगल्ली मातीचे किल्ले उभे राहतात, त्यांवर अळीव किंवा मोहरी पेरून झाडी करतात, मावळे मांडतात. पण हे किल्ले शिवकालाचे असतात. १८१८ मध्ये टॉमस मन्रो यांच्या फौजेने वेढा घालून घेतलेला बेळगावचा भुईकोट शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर असला, तरी दिवाळीच्या मातीत तो सहसा उतरत नाही.

वसाहतकाळासाठी या भागात सर्वांत सोयीचा ठरणारा प्रसंग कित्तूरचा. येथील देसाई (संस्थानिक) शिवलिंगरुद्र सर्ज सप्टेंबर १८२४ मध्ये निपुत्रिक वारले. दत्तक घेतल्याचे त्यांचे पत्र धारवाडचे कलेक्टर व पोलिटिकल एजंट सेंट जॉन थॅकरे यांच्याकडे गेले. त्यांनी पत्राच्या खरेपणाविषयी संशय घेऊन दत्तक अमान्य केले व खजिन्याला मोहरा लावल्या. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी कित्तूरच्या राणी चन्नम्मा यांच्या सैन्याशी झालेल्या चकमकीत थॅकरे ठार झाले. त्यांच्यावर गोळी झाडण्याचा मान परंपरेने अमटूर बाळप्पाला दिला आहे. स्टीव्हन्सन व वॉल्टर एलियट हे दोन अधिकारी ओलीस सापडले. यांतील एलियट पुढे कर्नाटकातील शिलालेखांचे संग्राहक म्हणून प्रसिद्धीस आले. डिसेंबरच्या आरंभी कंपनीची मोठी फौज येऊन कित्तूर पडले. राणी चन्नम्मा बैलहोंगलच्या कैदेत वारल्या. त्या तारखेबाबत २ व २१ फेब्रुवारी १८२९ असे दोन्ही उल्लेख छापील साहित्यात आढळतात. वर्गात महिना व साल सांगणे पुरेसे व्हावे. कित्तूर प्रकरणाला डलहौसीच्या काळातील ‘खालसा धोरण’ (औरस वारस नसलेले संस्थान दत्तक नाकारून ताब्यात घेणे) हे नाव सर्रास दिले जाते, ते कालविपर्यास करणारे आहे. दत्तकाला कंपनीची मंजुरी लागते हा दावा मात्र १८२४ मध्येच पुढे आलेला दिसतो.

बहुतेक नाट्यरूपांत लढाईवर भर असतो व पत्र दोन वाक्यांत आटोपले जाते. शिकवण्याच्या दृष्टीने क्रम उलटा हवा. चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद, बटाटा कोरून केलेला शिक्का, एक टेबल आणि टेबलामागे थॅकरे एवढ्यावर सुनावणी उभी राहते. राणी, दिवाण, कारकून व दुभाषा ही पात्रे असतातच. त्यांत एक रयत घालावी. दोन्ही बाजूंचे भांडण ऐकून घेऊन तिने एवढेच विचारायचे, ‘ते ऱ्हाऊ दे, सारा आता कुणाकडं भरायचा?’ या प्रश्नाला टेबलाच्या दोन्ही बाजूंना तयार उत्तर नसते. दुभाष्याचे काम दोन्ही भाषा येणाऱ्या मुलाला द्यावे. सीमाभागात असे मूल प्रत्येक वर्गात सापडते. थॅकरे हे नाव मुलांच्या तोंडी ‘ठाकरे’ होते आणि हशा पिकतो. शिक्षकाने तो गृहीत धरून चालावे. साहेबाचे पात्र वर्गातील सर्वांत गोऱ्या मुलाला देण्याची सवय मात्र सोडण्यासारखी आहे.

कित्तूरच्या फौजेतील संगोळ्ळी रायण्णाचा उठाव (१८२९-३०) त्याच दत्तक मुलाला गादीवर बसवण्यासाठी होता. त्याला नंदगड (ता. खानापूर) येथे फाशी दिली. रूढ तारीख २६ जानेवारी १८३१. समाधी गावातच असल्याने क्षेत्रभेट सोपी, पण फाशीचा प्रसंग वठवणे सर्वथा टाळावे. अशा तालमींत मुले दगावल्याच्या घटना देशात घडल्या आहेत. नरगुंदचे संस्थानिक भास्करराव भावे यांना १२ जून १८५८ रोजी बेळगावातच फाशी झाली. तेथेही कैफियत ऐकण्यापर्यंतच प्रसंग न्यावा.

कृतिप्रकल्पांत जमीनमोजणी विशेष फलदायी. मुंबई इलाख्याच्या मोजणीत ३३ फुटांची साखळी वापरीत व तिचे १६ आणे पाडीत. साखळीचा चौरस म्हणजे १२१ चौरस यार्ड, एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. सुंभाची ३३ फुटी दोरी घेऊन तिला साधारण दोन फूट पाऊण इंचावर एकेक गाठ मारली की साखळी तयार होते. ती मैदानावर चारही बाजूंनी ताणली की घरात रोज कानावर पडणारा गुंठा मुलांना प्रथमच पायाखाली दिसतो. मग एकाने मोजणीदार व्हावे, एकाने कुलकर्णी, एकाने हद्दीवर अडून बसलेला शेतकरी. हद्दीचा दगड कोठे रोवायचा यावर होणारे भांडण सहसा लिहून द्यावे लागत नाही.

डिसेंबर १९२४ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावला भरलेले काँग्रेस अधिवेशन हा तिसरा विषय. गांधीजींनी भूषवलेले हे एकमेव अध्यक्षपद. गंगाधरराव देशपांडे यांच्या पुढाकाराने उभारलेल्या नगराला विजयनगर नाव दिले होते. पाण्यासाठी खोदलेली विहीर टिळकवाडीत दाखवता येते. अकरा वर्षांच्या गंगूबाई हनगल तेथे गायल्या होत्या. त्यामुळे स्वयंसेवक, स्वयंपाकी, पाणके, गाणारी मुलगी अशा लहान भूमिका पुष्कळ निघतात व मागच्या बाकावरच्यांनाही काम मिळते. टिळकांच्या होमरूल लीगची स्थापनाही बेळगावचीच (एप्रिल १९१६).

या शाळांत कर्नाटक राज्याचेच पाठ्यपुस्तक मराठीत चालते. दहावीला बहुतेक विषयांत ८० गुण लेखी व २० अंतर्गत असतात, आणि प्रकल्प त्या २० गुणांत बसवले जातात. परिणामी विकत आणलेली चित्रे चिकटवलेली वही हीच ‘कृती’ ठरते. प्रतिभा कारंजी या कर्नाटकातील शालेय कलागुण स्पर्धेत छद्मवेष (वेषभूषा) व मातीकाम असते, पण तेथे वेषाला गुण मिळतात, युक्तिवादाला वाव नसतो. शिवाय १९५६ नंतरच्या भाषिक वादाची सावली पात्रांवर पडते. डिसेंबर २०२१ मध्ये बंगळूरला शिवाजी महाराजांच्या व बेळगावात रायण्णाच्या पुतळ्याची विटंबना झाल्यावर जो तणाव आला, तो पाहता शिक्षक सावध असतात, हे समजण्याजोगे आहे. चन्नम्मा कन्नड की मराठी मुलांची, असा प्रश्न वर्गात आलाच, तर दत्तकाच्या कागदाकडे परत जाणे उत्तम.

इनाम चौकशीवर, म्हणजे इनाम जमिनींच्या हक्कांच्या सरकारी तपासणीवर (१८४३ पासून दक्षिण मराठा मुलखात, पुढे १८५२ च्या अकराव्या कायद्यान्वये) असे प्रयोग करणे अवघड आहे. मूळ कागद मोडीत आहेत आणि मोडी वाचणारे शिक्षक थोडे. तेथे शिक्षक मुलांना घरचा जुना उतारा आणायला सांगू शकतात. आजचा उतारा कन्नडमध्ये निघतो. तो वाचून दाखवण्यासाठी पुन्हा त्याच दुभाष्याला उभे करावे लागते.